टाकळवाडीचा बेसरा

बोअरच्या फॉर्ममधल्या चौदाव्या रकान्यापाशी आल्यावर रेणुकादास देगलूरकरांनी मान वर करून कडुलिंबाकडे पाहिलं आणि तिथंच सगळं बिघडलं. त्यांच्या जागी दुसरा कुठलाही कारकून असता तर त्यानं मान खाली ठेवून 'निरंक' लिहिलं असतं आणि टाकळवाडीला त्याच आठवड्यात बोअर मिळाला असता. पण रेणुकादास प्रामाणिक होते. सरकारी नोकरीत माणूस प्रामाणिक असला की त्याला स्वतःला होतो त्यापेक्षा जास्त त्रास गावाला होतो.

रकान्यात विचारलं होतं, 'खोदकामाच्या जागेवरील झाडावर पक्ष्याचे घरटे आहे काय? असल्यास पक्ष्याची जात.' घरटं होतं. घरट्यापासून हातभर अंतरावर राखी पाठीचा, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा एक पक्षी पिवळे डोळे रोखून बसला होता आणि भोवती पाच-सात सातभाई जिवाच्या आकांतानं ओरडत होते. रेणुकादासांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि लिहिलं, 'ससाणा असल्याचे दिसते.'

हे 'असल्याचे दिसते' त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर एकदाही 'आहे' लिहिलं नव्हतं. रजेच्या अर्जातसुद्धा ते 'मला ताप आल्याचे दिसते' असं लिहीत. मुलगी पसंत आहे का, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा ते काय म्हणाले होते, हे त्यांची बायको अजून माहेरी गेली की सांगते.

साल शहाऐंशी. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, पण जुन्या जिल्ह्याबरोबरची वाटणी अजून संपलेली नव्हती. रेणुकादासांच्या खात्यात तर टेबलं इकडं आली होती आणि ड्रॉवरच्या किल्ल्या तिकडं राहिल्या होत्या. पाऊसही तिकडंच राहिला की काय, असं लोक म्हणत. टाकळवाडीच्या तिन्ही विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि अर्धा रस्त्यावर सांडून यायचा. मंजूर झालेला बोअर हीच गावाची एकमेव आशा होती.

फॉर्म तालुक्याला गेला आणि दोन दिवसांत परत आला. समासात लाल शाईनं प्रश्न होता : 'शिक्रा की बेसरा?'

सोबत एक परिपत्रक जोडलेलं होतं. जुन्या जिल्ह्यात पूर्वी कधीतरी पक्ष्यांचा शौक असलेले एक साहेब होऊन गेले, त्यांनी ते काढलेलं. झाडावर शिक्रा असल्यास तालुक्याच्या परवानगीनं खोदकाम करावं. बेसरा हा दुर्मीळ असल्यानं तो असल्यास झाडापासून शंभर हातांच्या आत खोदकाम, वर्दळ आणि भांड्यांचा आवाज बंद. शेवटी लिहिलं होतं, 'हे दोन्ही ससाणे दिसण्यात सारखेच असून ते ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे :' आणि तिथं पान संपत होतं.

"पान दोन कुठाय साहेब?" रेणुकादासांनी तालुक्याला जाऊन विचारलं.

"वाटणीत तिकडं गेलं," साहेब म्हणाले. "पत्र लिहून राहिलोत आम्ही. चार वर्षं झाली."

"मग ओळखायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. ससाणा तुम्ही पाहिला, आम्ही थोडाच पाहिला?"

रेणुकादास परत टाकळवाडीला आले तेव्हा बोअरची गाडी येऊन उभी होती. गाडीवाला तमिळनाडूतल्या सेलमकडचा होता. त्याला तीनच मराठी वाक्यं येत होती, त्यातलं एक त्यानं लगेच सांगितलं. "शनिवारी जाणार." शनिवारनंतर गाडी देगलूरकडं जायची होती आणि पुन्हा कधी यायची ते त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. आज सोमवार होता.

कडुलिंबाखाली बाया घागरी घेऊन बसल्याच होत्या. पाणी लागेल तेव्हा लागेल, नंबर आतापासून लावलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. सगळ्यात पुढं धुरपताबाई. ह्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या आणि त्यांच्यासमोर सरपंचसुद्धा खाली बघून बोलायचे.

"काय म्हनलं रावसाहेब तालुक्यानं?" त्यांनी विचारलं.

"शिक्रा असला तर खोदा म्हणतेत. बेसरा असला तर शंभर हात लांब."

"मंग शिकरा लिवा की."

"असं कसं लिहिता येईल बाई? तो शिक्रा हाय का?"

"तुमाला कुटं ठावं हाय तो न्हाई म्हनून?"

मुद्दा बिनतोड होता. रेणुकादासांनी पेन काढून 'शिक्रा असल्याचे' इथपर्यंत लिहिलं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा, देगलूरकर. चुकीची नोंद होऊन राहिली."

हे भीमाशंकर गुरुजी. गावच्या शाळेत तिसरी आणि चौथी शिकवायचे. तरुणपणी नांदेडच्या वाचनालयात त्यांनी पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. ह्या भागात बेसरा कुणी पाहिलेला नाही, तो आपण पाहायचा. त्यासाठी वीस वर्षं ते एक वही बाळगून होते. वहीत कावळ्यापासून होल्यापर्यंत सगळे होते आणि 'बेसरा' असा मथळा घातलेलं एक पान कोरं होतं. नव्या जिल्ह्यातली पहिली नोंद भीमाशंकर गुरुजींची, असं छापून आलेलं त्यांना झोपेतही दिसायचं.

"शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध रेघ असते ती फिकट," गुरुजी बोटांवर मोजत म्हणाले. "बेसऱ्याची काळी, ठळक. शिक्र्याच्या नराचा डोळा लाल, बेसऱ्याचा पिवळा. आणि बेसऱ्याचं मधलं बोट लांब."

"याचा डोळा पिवळा दिसतो," रेणुकादास म्हणाले आणि त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

"बघा. झालं की नाही सिद्ध?"

"डोळ्याचं काय घिऊन बसलाव गुरजी," धुरपताबाई म्हणाल्या. "कावीळ झाली आसंल त्याला. गळा बघा."

गळा बघण्यासाठी मंगळवारी लिंबाजीला झाडावर चढवलं. कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत जाणारा तो गावातला एकमेव माणूस. तो अर्ध्यावर गेला आणि पक्षी उडून समोरच्या बाभळीवर बसला. लिंबाजी उतरून बाभळीवर गेला, तर पक्षी लिंबावर. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी काट्यांनी सोललेला लिंबाजी खाली आला आणि म्हणाला, "गळ्यावर रेघ हायबी आन न्हाईबी."

"चोच कशी हाय?" गुरुजींनी विचारलं.

"लई वाकडी न्हाई. साधीच हाय."

"वयात आला नसेल," गुरुजी म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं.

बुधवारी मटणाचा तुकडा फांदीला बांधून पाहिला. गुरुजींचं म्हणणं, पकडताना तरी मधलं बोट दिसेल. तुकडा कावळ्यानं नेला. ससाण्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो फांदीवरची एक केसाळ अळी उचलून चवीनं खात बसला होता.

"आळ्या खातो हो हा," रेणुकादास म्हणाले.

"बेसरा दुर्मीळ असतो, देगलूरकर. त्याच्या सवयीपण दुर्मीळ."

रेणुकादासांनी पुन्हा चष्मा पुसला. त्यात ऊन मी म्हणत होतं आणि कुठून तरी एक पावशा पहाटेपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून डोकं उठवत होता. मृग कोरडा चाललेला, बियाणं घरात पडलेलं आणि हा म्हणतो पेरते व्हा. लोक त्याला मनापासून शिव्या घालत. गाडीवाल्याचं दुसरं मराठी वाक्य त्याच्याबद्दलच होतं, "हा कोण ओरडतो?" मात्र ससाण्याला बघायला माणसं जमली की पावशा चिडीचूप व्हायचा. ससाण्याला भिऊन गप्प बसतो, असं गुरुजींनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं.

गुरुजींनी त्याच दिवशी एक पत्र थेट जिल्ह्याला टाकलं. 'मौजे टाकळवाडी येथे बेसरा आढळला.' पोस्टाच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकून त्यांना फार समाधान वाटलं. हे समाधान घरी पोचेपर्यंत टिकलं.

घरी बायकोनं, इंदूबाईंनी, त्यांच्यापुढं रिकामा कप ठेवला.

"चहा?"

"पाणी संपलं. बेसऱ्याला विचारा."

"अगं, ही शास्त्रीय बाब आहे."

"मी सकाळी पाचला टँकरच्या रांगेत उभी होते. माझ्यापर्यंत नळी आली आणि टँकर संपला. मागून धुरपताबाई काय म्हणाल्या माहितंय? म्हणल्या, तुमच्या मालकाच्या पाखराला पाणी न्या हो आधी. सगळ्या बाया हसल्या. मला नाही हसू आलं." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या चिडल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं, पण त्या नुसत्या दमल्या होत्या. रात्री गुरुजींनी बेसऱ्याचं पान उघडलं आणि काही न लिहिता मिटलं. पत्र मात्र गेलं होतं.

शुक्रवार उजाडला. गाडीवाला टायरमधली हवा तपासू लागला. रेणुकादासांचा फॉर्म 'शिक्रा असल्याचे' इथंच अडून होता. 'दिसते' लिहावं तर गुरुजींनी पत्र टाकलेलं, न लिहावं तर समोर तीस घागरी. बेसरा असताना शिक्रा लिहिला असं ठरलं तर पेन्शनला धक्का, आणि शिक्रा असताना खोदकाम थांबवलं तर ह्या बाया जिवंत जाऊ देणार नाहीत. त्यांना खरोखरच ताप आल्याचं दिसू लागलं.

"मलप्पा आज्जाला आना," धुरपताबाई अचानक म्हणाल्या.

मलप्पा ऐंशीच्या पुढचे. निजामाच्या काळात एका जहागीरदाराकडं ते शिकारीचे पक्षी सांभाळायला होते. शिक्रे, बेसरे, बाज सगळे त्यांच्या मनगटावर बसून गेलेले. त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होऊन त्यांना आता दिवसही दिसत नव्हता. ज्याला दिसत नाही त्याला दिसण्याबद्दल काय विचारायचं, असा सगळ्यांचा रास्त विचार.

त्यांना बाजेवर घालून लिंबाखाली आणलं. रेणुकादासांनी पिवळा डोळा, रेघ, बोट, सगळी माहिती वाचून दाखवली.

"खाता काय है?" मलप्पांनी विचारलं.

"अळ्या."

मलप्पांनी मान झाडाकडं वळवली. मग म्हणाले, "बोलतो कसा?"

पाच दिवस अख्ख्या गावानं त्या पक्ष्याचा गळा, डोळा, चोच आणि बोटं बघितली होती. तो ओरडतो कसा, ते कुणीच ऐकलं नव्हतं.

"येवढी गर्दी आसल्यावर कोन बोलंल?" मलप्पा म्हणाले. "सरका समदे लांब. आन तोंड बंद. नजर हाय त्यानं नुसतं बघा, कान हाय त्यानं ऐका."

सगळं गाव पन्नास हात मागं सरलं. बायांनी घागरी मांडीवर घेतल्या म्हणजे वाजणार नाहीत. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. असा निम्मा तास गेला. मग रेणुकादासांच्या डोळ्यांदेखत फांदीवरच्या त्या भयंकर ससाण्यानं मान उंचावली, गळा फुगवला आणि चढत्या सुरात साद घातली, "पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा."

आधी कुणी हललंच नाही. पावशा साऱ्या मराठवाड्यानं ऐकलेला, पण पाहिलेला हजारात एखाद्यानं. तो असा ससाण्याचे कपडे घालून हिंडतो हे टाकळवाडीला नवीन होतं.

"आवं, हा तर पावशा," मलप्पा बाजेवर हसत बसले. "कोकिळेचा भाऊ. सोताचं घरटं बांधत न्हाई मेला. सातभाईला ससान्याचं सोंग दाखवून हाकलतो आन बायकू त्येंच्या घरट्यात अंडं घालती. पाखरं फसतेत ठीक हाय. तुमी साळा शिकलाव की."

गुरुजींनी वही काखेत मारली आणि ते शाळेकडं निघून गेले. इंदूबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या.

रेणुकादासांनी नवा फॉर्म काढला. एक ते तेरा रकाने भरले. चौदाव्यापाशी त्यांचा हात थांबला. धुरपताबाई डोक्याशी उभ्या होत्या. वर पावशा पुन्हा पेरते व्हा म्हणत होता. रेणुकादासांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, 'पावशा आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. कुणाकडं नव्हतं.

सातभाईचं घरटं धुरपताबाईंनी फांदीसकट उतरवून बाभळीला बांधायला लावलं. पावशाचं नाव परिपत्रकात नव्हतंच, त्यामुळं परवानगीचा प्रश्न उरला नाही. शनिवारी दुपारी दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. गाडीवाल्यानं त्याचं तिसरं मराठी वाक्य उच्चारलं, "पाणी आला." इंदूबाईंनी त्या दिवशी गुरुजींना न मागता दोनदा चहा दिला. महिन्याभरात हापसा बसला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण कागद इतक्या सहज संपत नाहीत.

त्या वर्षी पावसानं पुन्हा हूल दिली. डिसेंबरात जिल्ह्याहून वसंतराव नावाचे साहेब जीप घेऊन टाकळवाडीत उतरले. हापशावर बायांची रांग होती. रेणुकादासांना तालुक्याहून मुद्दाम बोलावून घेतलेलं होतं.

"आमच्याकडं दोन कागद आहेत," वसंतराव म्हणाले. "एका गुरुजींचं पत्र म्हणतं, बेसरा आढळला. तुमचा फॉर्म म्हणतो, पावशा आहे. पत्राचं एक वेळ सोडा. पण देगलूरकर, तुमची बावीस वर्षांची कागदपत्रं मी चाळली. त्यात 'आहे' कुठंच नाही. इथंच कसं आलं? कुणाचा दबाव होता?"

"नाही साहेब," रेणुकादास म्हणाले. "तो होताच."

"बघू. सुदैवानं हेही मिळालंय." वसंतरावांनी खिशातून घडी घातलेला पिवळा कागद काढला. पान दोन. अखेर वाटणीत आलं होतं. "ह्यात खुणा आहेत. पक्षी कुठं बसतो?"

रेणुकादासांनी लिंबाकडं बोट केलं. पावसाळा सरला की पावशा गप्प होतो, फारसा दिसतही नाही, त्यामुळं झाड रिकामंच असणार याची त्यांना खात्री होती. सगळ्यांनी वर पाहिलं. त्याच फांदीवर एक पक्षी बसला होता.

राखी पाठ. पिवळा डोळा. आणि त्यानं मान वळवली तेव्हा पांढऱ्या गळ्यावर मधोमध शाईनं ओढावी तशी काळी, ठळक रेघ दिसली.

रांगेच्या कडेला इंदूबाईंची घागर उचलायला आलेल्या गुरुजींच्या हातातून चुंबळ पडली. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो डोळ्यांपुढं होता. नखासकट मधलं लांब बोटसुद्धा दिसत होतं. हिवाळ्यात कुठल्या तरी लांबच्या रानातून भटकत आलेला, सोळा आणे खरा बेसरा.

वसंतराव पान दोन वाचत होते. "गळ्यावर काळी रेघ. आहे. डोळा पिवळा. आहे. मधलं बोट लांब." त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "अहो, हा तर बेसराच वाटतो. म्हणजे हापसा शंभर हातांच्या आत आला."

हापशाचा दांडा थांबला. धुरपताबाईंनी गुरुजींकडं पाहिलं. इंदूबाईंनी मात्र पाहिलं नाही. त्या आपल्या अर्ध्या भरलेल्या घागरीत बघत उभ्या राहिल्या.

"पत्र तुमचंच ना गुरुजी?" वसंतरावांनी विचारलं. "तुम्हाला यातलं कळतं म्हणे. सांगा, कोण आहे हा?"

गुरुजींची वही पिशवीत होती. फक्त एक शब्द बोलायचा होता आणि तो खरा होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, नीट, पोटभर पाहून घेतलं, आणि म्हणाले, "पत्र लिहिताना मी चुकलो होतो साहेब. हा पावशा."

"पण ह्या खुणा?"

"तळाची टीप असेल बघा."

टीप खरंच होती. वसंतरावांनी मोठ्यानं वाचली. "'पावशा हा पक्षी ससाण्यासारखाच दिसतो. त्यास हे परिपत्रक लागू नाही.' बरं. म्हणजे फसगत होऊ शकते."

त्याच वेळी फांदीवरचा पावशा दगडासारखा खाली आला, हापशाजवळच्या कुंपणावरून एक वीतभर सरडा उचलला आणि पुन्हा फांदीवर बसून त्याचे तुकडे करू लागला.

वसंतराव बघतच राहिले. "पावशा सरडे खातो?"

"दुस्काळ हाय साहेब," धुरपताबाई म्हणाल्या. "आळ्या कुटून आनायच्या त्यानं?"

वसंतरावांनी मान हलवली. दुष्काळाचा सर्व थरांवर परिणाम झाल्याचं ते वरच्या बैठकीत नेहमी ऐकत आले होते. त्यांनी फॉर्म रेणुकादासांपुढं धरला. "जे दिसतं ते लिहा. विषय संपवू."

रेणुकादासांनी पेन उघडलं. वर तो लचके तोडत होता. समोर तीस घागरी होत्या, आणि गुरुजी जमिनीवरची चुंबळ उचलायचं विसरून उभे होते. रेणुकादासांनी जन्मात कधी खोटं लिहिलं नव्हतं आणि आजही लिहायचं नव्हतं. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'पावशा असल्याचे दिसते.'

वसंतरावांनी वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय पार निघून गेला.

"हां," ते सही करत म्हणाले. "हे तुमचं लिहिणं. आता कसा विश्वास बसतो."